कोथळीत मावलेलं पोर

किन्हीराजाचा तांडा,
ता. २० जानेवारी १९५८

व्याही हरिसिंग कारभारी यांस भाऊसिंगचा रामराम.

पत्राच्या आरंभी इकडचं क्षेम कळवायची रीत आहे. क्षेम नाही, पण सगळे जिवंत आहेत, तेवढं कळवतो. तिकडचं क्षेम विचारायचीही रीत आहे. ते मी विचारत नाही.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर शेलूबाजारच्या रतनलालजींचं आहे. म्हणजे तुम्ही त्यांच्या दुकानात बसून मजकूर सांगितलात आणि गुळाला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने तो ऐकला. माझ्या मुलीची, हिरीची अब्रू तुम्ही तराजूशेजारी बसून काढलीत. आता हे पत्रही रतनलालजीच तुम्हाला वाचून दाखवणार. रतनलालजी, तुमच्याशी माझं भांडण नाही. फक्त लिहिलं आहे तसं वाचा. शब्द मऊ करू नका.

कारभारी, तुम्ही लिहिता की लग्न जेठात झालं आणि पोर पौषात झालं, म्हणजे सातच महिने भरले. सातव्या महिन्याचं पोर जगत नाही. ते मेलं तर हिरीला आणून घाला, आम्ही एक शब्द बोलणार नाही. जगलं तर ते पुऱ्या दिवसांचं आहे, लग्नाच्या आधीचं आहे, आणि मग पोरही आमचं नाही आणि सूनही आमची नाही. होळीच्या आधी नसाब बसवू, पंच काय ते ठरवतील. होळीला बापाच्या दारात काठ्या वाजवून त्याची धुंड झाली, तांड्याने त्याला आपलं म्हटलं, तर ते पोर आमचं, नाहीतर रस्त्यावरचं.

हा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. मला वाटलं, माझ्याच वाचण्यात चूक होते आहे. माझं शिक्षण ते किती! सर्कशीच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून अक्षरं शिकलो. पण चूक नव्हती. तुमचं म्हणणं असं की हिरीने अब्रू राखायची असेल तर पोर मेलं पाहिजे. कारभारी, असले विचार लोकांच्या मनात येतात, पण लाजेने ते तोंडावर आणत नाहीत. तुम्ही तिकीट लावून टपालाने पाठवलेत.

तर ऐका. पोर मेलेलं नाही.

जन्मलं तेव्हा त्याचं डोकं माझ्या पंजात आणि पाय कोपराच्या अलीकडे होते. बोटांना नखं नव्हती. कानाची पाळी दुमडली तर दुमडलेलीच राहायची. कातडीखालून शिरा दिसत होत्या. त्याला रडता येत नव्हतं, नुसतं कण्हायचं. आमच्या तांड्याची सुईण धनीबाई, तिने त्याच्याकडे पाहिलं आणि टोपली मागितली.

मी विचारलं, "टोपली कायले?"

ती म्हणाली, "झाकाले. दुसरं कायले?"

मी टोपली लाथेने उडवली. सुतकात, सोयरात कोणी कुठे पाय ठेवायचा याचे नियम मला ठाऊक आहेत, तरी बाळंतिणीच्या खोलीत गेलो. हिरीची आई असती तर मी गेलो नसतो. ती नाही, म्हणून गेलो. धनीबाई ओरडली, "भाऊसिंग, डोस्कं फिरलं का तुमचं?" मी म्हणालो, "पोट्ट्याले तिच्या छातीवर घाल. उघड्या छातीवर. आन् वरून बांध."

हे मला कुठून सुचलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला हसायला मिळेल. लग्नात साऱ्या वऱ्हाडासमोर तुम्ही मला 'सर्कशीतला म्हातारा' म्हणाला होता. खरंच आहे. जवानीत मी सर्कशीत जनावरांना चारा घालत होतो. तिथे कलकत्त्याच्या बंदरावरून मालकाने एक जोडी आणली होती, कांगारूंची. सशासारखे कान, पुढचे हात माकडासारखे आखूड, मागचे पाय नांगरासारखे आणि शेपूट अशी जाड की तिच्यावर टेकून बसावं. नराचं नाव पहिलवान, मादीचं गुलाबो. पहिलवानाच्या हातात मालक कातडी मोजे चढवायचा आणि तो माणसाशी ठोसेबाजी करायचा. लोक त्याला टाळ्या वाजवायचे. गुलाबो मागच्या पिंजऱ्यात असायची. तिच्याकडे कोणी पाहत नसे. तुमचा लेक, माझा जावई हेमसिंग आणि तुम्ही, दोघंही पहिलवान आहात. हे रतनलालजींनी नीट वाचावं.

एका सकाळी गुलाबो विचित्र बसली. शेपूट दोन्ही पायांमधून पुढे घेतली, पाठ टेकली आणि आपलंच पोट चाटायला लागली. मला वाटलं पोटात दुखतं. इतक्यात तिच्यातून काहीतरी लाल बाहेर आलं. केवढं? वालाच्या दाण्याएवढं. डोळे नाहीत, कान नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसत्या गाठी. मला वाटलं, कच्चं पडलं, गेलं. पण त्या दाण्याला पुढचे दोन हात होते आणि तो त्या हातांनी तिच्या केसांतून वर चढायला लागला. आईने त्याला उचललं नाही, ढकललं नाही. ती आपली चाटत होती. तो एकटा पोहत गेल्यासारखा पोटावरच्या पिशवीपर्यंत गेला आणि आत पडला. मी नंतर हळूच वाकून पाहिलं तर सड तोंडात धरून लटकलेला. पुढचं सगळं, डोळे, कान, पाय, केस, त्या पिशवीत तयार झालं. देवाने त्या जातीला पोट अर्धंच दिलं आणि राहिलेलं अर्धं बाहेर शिवलं.

म्हणून मी म्हणालो, बांध.

आमचं पोर काही चढून गेलं नाही. दूधही ओढता येईना. हिरी कापसाची वात दुधात भिजवून त्याच्या ओठावर पिळते. पण छातीवर ठेवल्यापासून त्याचे निळे पाय लाल झाले. तेव्हापासून त्याला खाली ठेवलेलं नाही. हिरीला ताप आहे, तिला सारा दिवस जमत नाही, म्हणून मदतीला एक बाई आहे. ती हिरी निजली की पोर आपल्या छातीवर घेते. ती कोण, ते तुम्हाला कशाला पाहिजे? आहे एक.

मला झोप नाही. दार उघडं राहिलं का, मांजर आलं का, चुलीचा धूर आत जातो का, हेच पाहत मी फिरत असतो. ती बाई मला म्हणते, "तुमच्या फिरन्यानंच वारा लागून राह्यला पोट्ट्याले. बसा एका जागी."

आता तुमची शेवटची तक्रार. खुंटीवरची कवड्या लावलेली कोथळी हिरीने चोरून नेली, असं तुम्ही लिहिलंत. ती कोथळी लग्नासाठी हिरीने स्वतः टाके घालून शिवली होती. स्वतःची वस्तू कोणी चोरतं का? शिवाय ती तुमच्या घरून आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांचं गाठोडंसुद्धा नव्हतं. सडकेच्या कामावर गिट्टीच्या पाट्या वाहून, पोट धरून आली होती. पाट्या वाहायला कोणी लावली होती, ते तुम्ही लिहायचं विसरलात. कोथळी मात्र इथे आहे. कशी आली ते मी सांगणार नाही. पोर तिच्यात बुडापासून डोक्यापर्यंत मावतं. त्याच्या पाठीवरून ती घेऊन बंद मानेत आणि कमरेत बांधले आहेत.

तुमच्या घरच्या रामीबाई भावाकडे अनसिंगला गेल्या आहेत आणि तुम्हाला हाताने भाकरी थापावी लागते, हेही तुम्ही असं लिहिलंत जसा तो माझाच गुन्हा आहे. थापा. चटके बसले तर थोडं कळेल.

या आणि पोर पाहून जा. आत्ता या. आज त्याच्या बोटांवर नखं नाहीत. महिन्याने येतील. मग तुम्ही म्हणाल, पाहा, पुऱ्या दिवसांचं आहे. कारभारी, हे पोर जसजसं जगतंय तसतशी माझी मुलगी तुमच्या लेखी खोटी ठरते आहे. एवढा एकच विचार मला खातो आहे.

भाऊसिंग


किन्हीराजाचा तांडा,
ता. ९ फेब्रुवारी १९५८

कारभारी,

रामराम लिहिला आहे असं समजा.

तुम्ही आला नाहीत. पत्र आलं. त्यात विचारलंत, 'तुमची हिरी बाई आहे की कांगारू?' त्या वाक्यावर शाईचा डाग आहे, म्हणजे लिहिताना रतनलालजीही हसले. बाजाराच्या दिवशी इथली पोरं मला पाहून दोन्ही पायांनी उड्या मारत होती. माझं पत्र शेलूबाजारहून माझ्याच गावात आलं म्हणायचं.

तर उत्तर लिहून घ्या. हिरी कांगारू नाही. कांगारूला सासरा नसतो.

तुम्ही म्हणता, जनावराचा दाखला माणसाला लागत नाही. मग गुलाबोची दुसरी गोष्ट ऐका. मागच्या पत्रात लिहिली नव्हती, कारण तिच्यात मी मार खाल्ला आहे.

ते पिल्लू पिशवीत गेल्यावर थोड्याच दिवसांत पहिलवानाला वेगळ्या पिंजऱ्यात टाकलं. तो फार दांडगाई करायचा. दोन्ही पिंजऱ्यांना कुलपं होती आणि किल्ल्या माझ्या कमरेला. दोनेक महिने गेले. पिल्लू अजून सडाला चिकटलेलं होतं. एक दिवस मालकाकडे बडे पाहुणे आले. बायकांना पिल्लू पाहायचं होतं. मालकाने स्वतः पिशवीत हात घातला. मी म्हणालो, "मालक, ओढू नका." त्या जातीत सडाचं टोक पिल्लाच्या तोंडात जाऊन फुगतं. काजात बटण अडकावं तसं ते बसतं. मालक म्हणाले, "फळ आहे ते, देठाला लागलेलं. पिकलं की तुटतं." आणि ओढलं. तोंडातून रक्त आलं. बायका ओरडल्या. पिल्लू संध्याकाळपर्यंत मेलं.

यानंतर महिन्याभरात गुलाबो पुन्हा तशीच बसली, शेपूट पुढे घेऊन, पोट चाटत. पुन्हा तसाच लाल दाणा वर चढला. पहिलवान तिच्याजवळ गेलाच नव्हता. मालकाने तंबूतल्या सगळ्यांना गोळा केलं आणि मला उभं केलं. म्हणाले, पिल्लू आहे म्हणजे नर गेला. नर गेला म्हणजे कुलूप उघडलं. किल्ली तुझ्याजवळ, म्हणजे दारू पिऊन तूच उघडलंस. घोड्यांच्या चाबकाने मारलं आणि हाकललं. माझ्या पाठीवरचे वळ तुम्ही हळदीच्या वेळी पाहिलेत आणि विचारलंत, कुठे चोरी केली होती?

ते पिल्लू कुठून आलं, ते मला अजून कळलेलं नाही. मी मनाशी एवढंच धरलं आहे की ते आधीपासून पोटात थांबलेलं असावं. पहिल्याची जागा रिकामी होईपर्यंत त्याने वाट पाहिली असावी. खरं काय ते देव जाणे. पण मी कुलूप उघडलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि तुमचं पत्र वाचताना मला त्या मालकाचा आवाज ऐकू येतो. पोर जगलं म्हणजे पुऱ्या दिवसांचं. पुऱ्या दिवसांचं म्हणजे दुसऱ्याचं. किती सोपं आहे.

इतकं सोसूनही मी काय केलं, तेही लिहितो. रतनलालजी, हे हळू वाचलंत तरी चालेल. तुमचं पहिलं पत्र आलं त्या संध्याकाळी मी हिरीजवळ बसलो आणि म्हणालो, "पोरी, बाप हाओ मी तुझा. खरं काय ते सांग."

तिने पोराच्या डोक्यावरून हात काढला नाही. म्हणाली, "बा, लहानपनापासून तुमी मले त्या कुलपाची गोष्ट सांगून राह्यले. दरवेळी सांगतांनी रडता. आन् आज तुमीच मले इचारता, कुलूप कोनं उघडलं म्हनून?"

मी बाहेर येऊन बसलो. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. हे तुमच्या पत्राने केलं, असं मी म्हणणार होतो. पण विचारलं मी.

पोराची हकीकत अशी. मधे हिरीचा ताप वाढला आणि दूध आटलं. शेजारची तुळसाबाई अंगावर पाजणारी आहे, तिचं पोर आठ महिन्यांचं. ती आपण होऊन वाटीत दूध घेऊन आली. मी तिला दारातून परत पाठवलं. कारण गुलाबोला पहिल्या वेळी आधीचं एक मोठं पिल्लूही होतं, आणि तेव्हा तिच्या एका सडाचं दूध पातळ होतं, दुसऱ्याचं घट्ट. पिशवीतल्या कच्च्या पिल्लाला पातळ, बाहेर उड्या मारणाऱ्या मोठ्याला घट्ट. दोन्ही मी बोटावर घेऊन चाखली होती. मी म्हणालो, मोठ्या पोराचं दूध या लहानाला विष होईल. तुळसाबाई रडत गेली. पोर दिवसभर गुळाच्या पाण्यावर राहिलं. दुपारी त्याचा श्वास थांबला. खरंच थांबला. त्या बाईने त्याच्या तळपायावर टिचकी मारली तेव्हा परत सुरू झाला.

मग ती माझ्यावर अशी उसळली! म्हणाली, "××××, जनावराचं जनावराले राहू द्या. बाईचं दूध बाईचंच असते. तुमी एक गोष्ट पाह्यली म्हनून साऱ्या दुनियेचे शहाने झाले का? जा, तुळसाबाईचे पाय धरा. आन् तिले घेऊनच या."

(पहिला शब्द मी खोडला आहे. रतनलालजी, उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नका.)

मी जाऊन पाय धरले. तुळसाबाई आली. आता पोर वातीवरून बोंडल्यावर आलं आहे. म्हणजे या बाबतीत मी चुकलो, आणि पोर मरता मरता राहिलं. तुम्हाला आनंद होत असेल. पण चुकलो तेव्हा मला सांगणारी एक बाई घरात होती. तुम्हाला सध्या सांगणारं कोणी नाही, म्हणून तुम्ही मिशीचं टोक चावत एकटेच हुकूम सोडत बसता.

आणखी एक. कलकत्त्याहून त्या जोडीबरोबर आलेला खलाशी सांगायचा की त्यांच्या मुलखात मागे कुत्रे लागले की कांगारूची मादी पिशवी सैल सोडते आणि पिल्लू खाली टाकते. कुत्रे त्याच्यावर थांबतात आणि ती पळून जीव वाचवते. मी हे पाहिलेलं नाही. पण कारभारी, तुम्ही दोन्ही पत्रांत हिरीला हेच करायला सांगितलं आहे. पिशवी सैल सोड, मग तुला घरात घेतो. फरक इतकाच की तिथे मागे कुत्रे असतात.

भाऊसिंग


किन्हीराजाचा तांडा,
ता. १ मार्च १९५८

हरिसिंग,

तुमचं तिसरं पत्र काल मिळालं. ते लहान आहे. नसाब होळीच्या आदल्या दिवशी तुमच्या तांड्यात बसणार, पंचांना निरोप गेले आहेत, हे त्यात पहिल्या ओळीत आहे. पण खरं पत्र त्याच्या खाली आहे. तुम्ही हेमसिंगला अनसिंगला पाठवलंत. तिथे मेहुणे गोविंदसिंग त्याच्या डोळ्याला डोळा देईनात. रामीबाई तिथे नाहीत, कधी गेल्याच नव्हत्या. आणि तुम्ही लिहिता, 'व्याही, तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा. विहिरी पाहून झाल्या.'

तीन पत्रांत पहिल्यांदा तुम्ही मला व्याही म्हणालात.

वाचून मला समाधान व्हायला हवं होतं. पण झालं नाही. मी तुमचा वैरी आहे, तरी विहिरीचं वाचून मी पत्र त्या मदतीच्या बाईंच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "विहिरी पाह्यल्या? माह्यासाठी? मंग लिवा आता."

तर रामीबाई इथे आहेत. पोर जन्मल्याची बातमी तुमच्या तांड्यात पोचली त्याच दिवशी भावाचं नाव सांगून त्या निघाल्या. अनसिंगच्या वाटेला लागल्या आणि मधूनच इकडे वळल्या. खुंटीवरची कोथळी त्यांनीच काढून आणली. हिरी निजली की पोर ज्यांच्या छातीवर असतं ती बाई त्याच. मागच्या पत्रात खोडलेला शब्द 'व्याही' होता. मला शिव्या घालणारी बाई तुमच्या घरची आहे, हे मी लपवलं. तुम्ही त्यांना फरफटत न्याल आणि पोर थंडीत मरेल, या एकाच भीतीने.

तुमच्या लेकालाही ठाऊक आहे. अनसिंगहून परत जाताना तो इथे आला. कशाला आला असेल कोण जाणे. दारात उभा राहिला आणि आत आई बसलेली, कांचळीखाली काहीतरी हलतंय, आणि ओढणीतून एवढंसं डोकं बाहेर. हेमसिंग भिंतीला टेकला. आई म्हणाली, "आला का पहिलवान? हात शेकून घे आधी. थंड्या हातानं लेकाले लावशील तर मार खाशील." त्याने चुलीवर हात शेकले. मग एका बोटाने पोराच्या पाठीला लावलं आणि लगेच निघून गेला. तुम्हाला काही बोललेला दिसत नाही. जन्मभर तो गप्पच राहिला, त्याचं गप्प राहणं पहिल्यांदा कोणाच्या तरी कामाला आलं.

रतनलालजी, तुमच्या घरच्या सूरजबाईंनी गाडीवाल्याबरोबर पाठवलेला पिंजलेला कापूस पोचला. हे मोठ्याने वाचू नका. पण पुढचं वाचा, आणि दुकानात गिऱ्हाईक असलं तर त्याला बाहेर पाठवून वाचा. पुढचं रामीबाईंचं आहे. त्या सांगतात तसं मी लिहितो.

"म्हना, रामी जित्ती हाये. म्हना, तुमाले आठवते का, हेमसिंगच्या आधी मले एक पोट्टं झालं व्हतं. तेबी सातव्यातच. तुमी उंबऱ्यात बसले व्हते. तुमच्या मायनं सांगतलं, जगलं तर कोनाचं ते पाहू. कोनी त्याले उबेत घेतलं नाई. मीबी नाई घेतलं, मले भेव वाटलं. टोपलीखाली ठेवलं. सकाळी ते थंड झालं आन् साऱ्या तांड्यानं म्हनलं, सून चांगली हाये. त्या पोट्ट्यानं मरून माही अब्रू राखली. इतके साल मी तुमच्या घरात त्याच अब्रूवर भाकर खाल्ली. आता ह्या पोट्ट्याले तसं नाई करू देत. ते तुमच्याच घरचं हाये. तुमच्या घरची पोट्टी घाई करतात, हे मले ठाऊक हाये, तुमालेबी ठाऊक हाये."

इथपर्यंत सांगून त्या उठल्या, कारण पोर जागं झालं. आता ते रडतं. खरंखुरं रडतं, आम्ही सगळे धावत जातो आणि त्याला भूक लागली आहे असं पाहून हसतो. आता हिरीही हसते. माझ्याशी थोडं बोलते.

पण मला धीर नाही. नसाबात पाच पंच, सगळे तुमच्या ओळखीचे. बाईचं तोंड नसाबात चालत नाही, असं त्यांतला एक म्हणेल. म्हणाले तर काय करायचं, ते मला सुचत नाही. आम्ही एवढंच ठरवलं आहे. कोथळी पंचांपुढे ठेवायची. पौषात पोर तिच्यात डोक्यासकट मावत होतं, हे धनीबाई सांगेल आणि रामीबाई सांगतील. आज त्याच पोराचे दोन्ही पाय आणि अर्धी पाठ बाहेर राहते. पुऱ्या दिवसांचं पोर त्या कोथळीत कधी मावलं असतं का, ते पंचांनी आपापल्या घरी जाऊन आपापल्या बायकांना विचारावं. पंच काय म्हणतील ते म्हणोत. पण तुमच्या बायकोला खोटी म्हणायचं की नाही, हे त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं राहून ठरवावं लागेल. पत्राने भागणार नाही.

आम्ही होळीच्या आदल्या दिवशी निघतो. पोर रामीबाईंच्या छातीवर असेल, आणि येईपर्यंत त्या त्याला खाली ठेवणार नाहीत. त्यांचा शेवटचा निरोप असा: धुंडीची काठी कापून ठेवा. दार उघडं असलं तर मी आजी म्हणून आत येईन. बंद असलं तर नसाबात जाऊन साक्षीदार म्हणून बसेन, आणि टोपलीची गोष्टही तिथेच सांगेन.

विहिरी पाहू नका. लेक सोडला तर तुमच्या घरची सगळी माणसं सध्या माझ्या घरी आहेत. त्या सगळ्यांच्या वतीने,

भाऊसिंग